मापाचा शेर आणि वजनाचा शेर

एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि ओढ्याच्या पाण्यावरून त्यांचं हाडवैर होतं. बऱ्याच वर्षांनी अलीकडच्या गावच्या पाटलाची मुलगी पलीकडच्या गावात द्यायचं ठरलं. लग्न नीट पार पडलं, तर भांडण मिटणार होतं. म्हणून पाटलानं शहरातून आवडाबाई नावाची आचारीण बोलावली. तिचे बुंदीचे लाडू नावाजलेले होते.

आवडाबाई शहरात सगळं तराजूनं तोलून घ्यायची. शेरभर बेसनाला दीड शेर साखर, हे तिचं ठरलेलं. पण या गावच्या एकुलत्या एका तराजूची दांडी मोडली होती. पाटलीणबाईंनी तिच्यापुढे लाकडी माप ठेवलं.

"आमच्याकडे हाच शेर. चालेल ना?"

आवडाबाई घुटमळली. बेसन हलकं, साखर जड. दोन्ही एकाच मापानं घेतली, तर वजन कसं जुळायचं? पण शहरच्या आचारणीनं आल्या आल्या शंका काय काढायच्या?

"चालेल," ती म्हणाली.

लग्नाच्या सकाळी तिनं मापभर बेसन आणि दीड माप साखर घेऊन पहिला घाणा केला. लाडू वळायला घेतला, तर पाक बोटांतून ओघळला. 'निवल्यावर आळेल,' असं तिनं स्वतःला समजावलं. आळेना. साखर मोजकीच होती आणि बाजार लांब. तेवढ्यात ओढ्यापलीकडे सनई वाजू लागली.

पाटलीणबाई दारात आल्या. "सगळं ठीक ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. आवडाबाईनं ते गिळलं.

"नाही, बाई. वजनाचा हिशेब मी मापानं केला. तेव्हाच शंका आली होती, पण लाजेनं बोलले नाही."

पाटलीणबाईंचा चेहरा उतरला. "मग आता?"

"पाणी आणायची कावड द्या मला."

तिनं कावड मधोमध दोरी बांधून चिंचेच्या फांदीला टांगली आणि घागरींच्या जागी दोन सारख्या टोपल्या अडकवल्या. एका टोपलीत मापभर साखर ओतली, दुसरीत मापभर बेसन. साखरेची बाजू खाली गेली. बेसनाचं आणखी एक माप घातलं, तेव्हा कुठे दांडी सरळ झाली. साखरेच्या एका मापाइतकं वजन भरायला बेसनाची दोन मापं लागत होती. म्हणजे चार मापं बेसनाला तीन मापं साखर पुरे. तिनं चूल पुन्हा पेटवली. पहिल्या घाण्याच्या उरल्या पाकातही नवी बुंदी मुरवली.

तोवर वऱ्हाड दारात आलं. नवऱ्यामुलाचे आजोबा तडक चुलीपाशी आले.

"पानं मांडायची वेळ झाली, आणि तुमची बुंदी अजून कढईत? हा आमचा मान?"

पाटील काहीतरी सबब सांगणार, तोच आवडाबाई पुढे झाली. तिनं घडलं ते सगळं सांगितलं, शंका दाबून ठेवल्याचंसुद्धा.

आजोबा म्हणाले, "तराजू मोडला होता, तर आमच्या गावातून न्यायचा."

"तुमच्या गावात मागायला कोण येणार होतं, आजोबा?" पाटील हळूच म्हणाला.

आजोबा पाट ओढून चुलीजवळच बसले.

"होऊ दे सावकाश. आम्ही थांबतो."

लाडू घट्ट वळले गेले. आवडाबाईनं पहिला कोमट लाडू आजोबांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो फोडला आणि अर्धा पाटलाच्या हातात दिला.

तात्पर्य: मनात आलेली शंका वेळीच बोलून दाखवावी, आणि उशीर झालाच, तरी चूक झाकण्यापेक्षा कबूल केलेली बरी.