कड्याखालचा जुना बर्फ

दक्षिणेच्या टोकाला, जिथे समुद्रच गोठून जमिनीसारखा होतो, तिथे पूर्वी हिमकेतू नावाचा पेंग्विनांचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व पेंग्विनकुळात जन्म घेऊन त्याचे अमात्य झाले होते. पाण्यालगतची सर्वांत चांगली जागा त्यांना मानाने मिळाली होती. तिथून चार पावलांवर मासळी होती.

एका वर्षी वारे भलतेच उबदार वाहू लागले. पिल्लांच्या अंगावर अजून राखाडी लव होती. ती भिजली की पिल्लू बुडालेच. बोधिसत्त्वांनी बर्फाला कान लावला. आतून कटकट आवाज येत होता.

ते राजाकडे गेले. "महाराज, पिल्लांना पिसं फुटण्याआधीच हा बर्फ फुटेल. त्यांना कड्याखालच्या जुन्या, जाड बर्फावर नेऊ या."

"आपले आजे-पणजे इथेच वाढले," राजा म्हणाला. "आणि तिथून मासळीसाठी रोज अर्धा दिवस चालायचं कुणी?"

शुभ्रा नावाची एक आई फणकारली, "आधी अमात्यांनी स्वतःची जागा सोडावी!"

"सोडली," बोधिसत्त्व म्हणाले. "तुम्ही मासळीला जाल तेव्हा सगळी पिल्लंही मी सांभाळीन."

ते चालू लागले. शुभ्राचे गुबगुब नावाचे पिल्लू कुणालाही न विचारता त्यांच्या मागे धावले, कारण कड्याखालचा उतार त्याला घसरायला फार छान दिसला होता. ते पाहून बाकीची पिल्लेही निघाली. मग आयांना जावेच लागले. सर्वांत शेवटी राजा निघाला, कुरकुरत.

तीनशे पिल्ले बोधिसत्त्वांच्या पाठीवरून दिवसभर घसरत. त्यांना सांभाळताना मासळीला जाता येत नसे, तरी उपाशी पोटी तेही हसत.

बाराव्या दिवशी मोठा कडकडाट झाला. जुन्या वस्तीचे तुकडे होऊन ते पाण्यावर वाहत गेले. इकडे सगळी पिल्ले कोरडी होती. राजा अमात्यांपुढे वाकला. मग म्हणाला, "अमात्य, आजपासून तुमची मासळी मी आणीन."

पुढे पिसे आली आणि पिल्लांनी समुद्रात उड्या घेतल्या. गुबगुबने तर आईकडे वळूनही पाहिले नाही.

कथा संपवून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा हिमकेतू म्हणजे पूर येण्याआधी नदीकाठची कुटी सोडताना कुरकुरलेला हा भद्रसेन. शुभ्रा ही भिक्षुणी धर्मनंदा. गुबगुब म्हणजे मघापासून चुळबुळ करणारा तो लहानगा श्रामणेर. आणि अमात्य मी होतो. संकट दाराशी येण्याआधीच जी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उठून चालू लागते, ती करुणा."