रिकाम्या खुर्चीचा सूर

घरोघरी टीव्हीवर एकच वाहिनी दिसायची, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदताई वेलणकर उदास मालिकांना सिंथेसायझरवर पार्श्वसंगीत द्यायच्या.

एकदा प्रसंग होता वडील गेल्यानंतरच्या रिकाम्या खुर्चीचा. ताईंनी घडवलेले सात आवाज दिग्दर्शक नाडगौडांनी मोडीत काढले.

"मला शांतता ऐकू आली पाहिजे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "जमत नसेल तर ही पेटी उचला. उद्या दुसरा माणूस बोलावतो."

ताईंनी एका पट्टीवर बोट ठेवून आवाजाचं बटण अगदी हळूहळू फिरवलं. नाडगौडा शांततेवर व्याख्यान देत राहिले. दहा मिनिटं झाली आणि ताईंनी बोट उचललं.

खोली एकदम ओकीबोकी झाली. नाडगौडांचं वाक्य अर्धंच राहिलं.

"काय बंद झालं?"

"खर्जातला एक सूर. तुम्ही बोलत होतात, तेवढा वेळ चालू होता," ताई म्हणाल्या. "आमचे अप्पा होते तोवर त्यांच्या रेडिओची घरघर मला कधी ऐकू आली नाही. थांबली, त्या दिवशी ऐकू आली."

नाडगौडांनी चष्मा काढून पुसला.

"खुर्ची दिसली," ते हळूच म्हणाले, "की बोट उचला."