लोणच्यासाठी सगळे डबे

कोल्हापूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत घोरपडेसाहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कंपनीने मराठी तारखा दाखवणारी एक लायब्ररी, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडावा असा तयार कोड, सगळ्यांना फुकट खुली केली होती. पण ती होती कंपनीच्या अवाढव्य रिपॉझिटरीत, म्हणजे सगळा कोड एकत्र साठवलेल्या कोठारात. इवलीशी लायब्ररी घ्यायची, तर कंपनीचा सगळा पसारा उतरवून घ्यावा लागे. लोक कंटाळून नाद सोडत.

लायब्ररी सांभाळणारी मृण्मयी म्हणाली, "साहेब, हिला वेगळी रिपॉझिटरी देऊ या. नाहीतर कुणी वापरणार नाही."

"वेगळंबिगळं काही निघणार नाही!" साहेब गरजले. "गरज असेल तो सगळं घेईल. पुन्हा हा विषय काढलास, तर लायब्ररीच पुसून टाकीन."

मृण्मयी आपल्या जागेवर जाऊन कामाला लागली.

दुपारी सगळे जेवायला बसले. मृण्मयीच्या आईच्या लोणच्यावर साहेबांचा भारी जीव.

"मृण्मयी, जरा लोणचं दे की."

तिने टेबलावरचे सगळ्यांचे डबे उचलून साहेबांपुढे रचले.

"अगं, मला फक्त लोणचं हवंय!"

"यातच कुठंतरी आहे, साहेब. गरज असेल तो सगळं घेईल."

साहेबांनी एक डबा उघडला, त्यात पिठलं. दुसऱ्यात बोटं बुडाली ती ताकात. सगळे खाली मान घालून हसू दाबत होते.

बोटं पुसत साहेब म्हणाले, "कळलं बाई! काढ ती लायब्ररी वेगळी."

मृण्मयीने ढिगातून नेमकी लोणच्याची डबी काढून पुढे केली.

"विषय आपणच काढलात हं, साहेब."