ठकूबाईला नावं सांगणारी झाडं

फार वर्षांपूर्वी, करंजदरीला गाडीवाटसुद्धा नव्हती, तेव्हा तिथं ठकूबाई नावाची एक वैदीण राहत होती. तिच्या हाताला मोठा गुण. असं म्हणतात, की नुसती पावलं ऐकून ती सांगायची, येणाऱ्याचं काय दुखतंय ते.

पण साठी उलटली आणि ठकूबाईच्या मनात भीती शिरली. डोंगरात ओळखीचं झाड समोर असायचं, त्याचा गुण आठवायचा, नाव मात्र ओठांवर येऊन अडायचं. थोड्या वेळानं यायचं. वैदीणच विसरते म्हटल्यावर तिचं औषध कोण घेईल? म्हणून ती कुणाजवळ बोलली नाही.

त्याच साली म्हातारे हैबती पाटील बदलले. दोन हाका मारल्याशिवाय ऐकेनात. चढावर थांबू लागले. एका नातवाला दुसऱ्याच्या नावानं बोलावू लागले. थोरल्या मुलाला वाटलं, ही करणी! त्यानं बोट दाखवलं ते शेजारी एकट्या राहणाऱ्या तान्हूकडे. तिला गावाबाहेर काढायचं ठरलं.

सारा गाव चावडीवर जमला. तान्हू खांबाला धरून उभी होती. करणी उतरवायला म्हणून ठकूबाईला बोलावलं होतं. तिनं पाटलांची नाडी पाहिली, मग शेतीभातीच्या गप्पा काढल्या. त्यांना सगळं नीट ठाऊक होतं.

"पाटीलबाबा, घरची वाट सापडते ना?"

"न सापडायला काय झालं? हळू जातो, एवढंच."

ठकूबाई मुलाकडे वळली. "ही करणी नाही रे. हे वय आहे."

"कशावरून, मावशी?"

तिनं खाली पाहिलं. मग ती म्हणाली, "मलाबी तेच होतंय म्हणून. वरीस झालं, झाडांची नावं चटकन आठवत नाहीत. तान्हूला काढणार असाल, तर आधी मला काढा."

तेवढ्यात मागून म्हातारा कोंडाजी म्हणाला, "मलाबी दोनदा सांगावं लागतं." मग त्याची बायको बोलली, मग आणखी कुणी. पिकल्या केसांचं एकही माणूस गप्प राहिलं नाही. शेवटी पाटीलच हसले, तान्हूला काढायची गोष्ट तिथंच मिटली, आणि ती रडू लागली.

"पण ध्यानात ठेवा," ठकूबाई म्हणाली, "कुणी रोजची वाट चुकू लागलं, जेवून उठल्यावर जेवलोच नाही म्हणालं, एकाएकी जीभ जड झाली, तर ते वय नव्हे, दुखणं. ते लपवू नका."

दुसऱ्या दिवशी ती धाकधुकीनंच डोंगरावर गेली. आज कुणी औषधाला येईल, असं तिला वाटत नव्हतं. तर असं म्हणतात, की झाडंच बोलू लागली. "ठकूबाई, मी अडुळसा." "मी गुळवेल गं, बाई." पुढं वीस वर्षं तिनं औषध दिलं आणि एकदाही चुकलं नाही. टोपली घेऊन मागं चालणारी तान्हू शपथेवर सांगायची, मीपण ऐकलंय.

आजही करंजदरीत म्हाताऱ्या माणसाला "ओळखलंत का?" असं कुणी विचारत नाही. बांधावर, पाणवठ्यावर कुणी थकलेलं माणूस भेटलं, की लहानथोर थांबतात आणि आधी आपलं नाव सांगतात. "आजी, मी धोंडूची लेक, यमुना." याला गावात 'ठकूबाईचा रामराम' म्हणतात.