आपणहून टेकलेली पाठ

आधीच हात जोडून सांगतो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि जड शब्द लिहायला गेलो की हात अडखळतो. चुका पोटात घालाव्यात. गोष्ट मात्र ऐकण्याजोगी आहे आणि ज्याच्या तोंडात एखादी दाढ ठणकत असेल, त्याने तर ती आजच वाचावी.

एकदा एका तालमीत एक तरुण पैलवान होता. अंगाने दांडगा, स्वभावाने सरळ. त्याची पाठ अजून कोणी मातीला लावली नव्हती. यात्रेचे मैदान जवळ आले होते आणि शेवटची, सर्वांत मोठी कुस्ती त्याची ठरली होती. समोरची जोड, म्हणजे प्रतिस्पर्धी पैलवान, नावाजलेली. गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या गाड्यावर, पाराखाली, दळणाच्या गिरणीत, जिथे चार माणसे जमत तिथे हीच कुस्ती आधी एकदा होऊन जाई. पैलवानाचाही ऊर भरून आला होता. पहाटे त्याला जाग यायची ती हलगी कानात घेऊनच.

आणि नेमकी त्याच दिवसांत त्याची दाढ दुखू लागली.

आधी थंड दूध लागले की कळ यायची. त्याने लवंग दाबली, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. मग गाल सुजला, अंगही तापू लागले. बदाम चावेनात. भाकरी दुधात कुस्करून तो कशीबशी गिळू लागला. जोर मारायला वाकला की ठणका थेट कानशिलात जाई. त्याचा उतरलेला चेहरा पाहून वस्तादांनी त्याला तालुक्याच्या दातांच्या दवाखान्यात पाठवले.

तिथल्या डॉक्टर ठेंगण्याशा, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी त्याला खुर्चीत बसवले, गळ्याभोवती कागदी रुमाल अडकवला आणि पायाने कळ दाबली. खुर्ची मागे कलू लागली. पाठ खाली चालली आहे, एवढेच पैलवानाच्या अंगाला कळले. दवाखाना, दिवा, डॉक्टरबाई, सारे तो विसरला. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचे अंग विजेसारखे वळले आणि खुर्ची दोन्ही हातांनी धरून तो पालथा पडला.

डॉक्टरबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला.

"दादा," त्या म्हणाल्या, "दात या बाजूला असतात."

पैलवानाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो उठला, पुन्हा येतो असे काहीतरी पुटपुटला आणि जो बाहेर पडला तो थेट तालमीच्या दारात येऊन थांबला. गळ्यातला रुमाल तसाच होता. तो त्याच्या जोडीदाराने, भैरूने पाहिला.

"काय रं, लाळेरं कुणी बांधलं?"

पैलवानाला खोटे बोलता येत नसे. त्याने झाले ते सांगितले, आणि तालीम हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"म्हंजे बाईंनी हात बी लावला न्हाई आन् हा पालथा?" भैरू डोळे पुसत म्हणाला. "यात्रंला ह्याची जोड बाईंच्यासंगंच लावा. निकाली कुस्ती हुईल."

पैलवानही हसला, पण हसताना दाढेची कळ आली आणि डोळ्यांत पाणी उभे राहिले. ते कळेचेच होते की आणखी कशाचे, ते वस्तादांनी ओळखले असावे. त्यांनी त्याला आखाड्याच्या कडेला बोलावून घेतले.

"दुखंल म्हणून भ्यालास?"

"न्हाई वस्ताद. खांदा निखळला तवा तुम्ही बसवलासा. मी हूं की चूं केलं हुतं का?"

"मंग?"

पैलवान अंगठ्याने माती उकरत राहिला. "उताणं व्हावं लागतंय. तोंड उघडं टाकून. आन् दुसरं माणूस वरनं. माझं अंगच ऐकत न्हाई."

वस्ताद हसले नाहीत. "गाल असाच ऱ्हायला तर मैदानातनं तुझं नाव मी काढणार," ते शांतपणे म्हणाले. "तापानं फणफणलेल्या पोराला आखाड्यात ढकलायला मी काय तुझा वैरी न्हाई."

पैलवानाच्या पायांखालची माती सरकली. ज्या कुस्तीसाठी तो जगत होता, ती एका खुर्चीपायी जाणार होती.

मग वस्तादांनी जे केले, त्याचा अर्थ तालमीत कोणालाच लागेना. त्यांनी डोक्याचा फेटा उतरवून भैरूच्या हातात दिला. मातीला हात लावून तो कपाळी नेला. आखाड्याच्या मधोमध जाऊन ते बसले आणि सावकाश, एकेक खांदा टेकत, उताणे झोपले. हात दोन्हीकडे पसरलेले. त्यांची पाठ मातीला लागलेली पाहिल्याचे पंचक्रोशीत कोणी सांगू शकत नव्हते. भैरूने फेटा छातीशी घट्ट धरला. एकाने तर तोंड फिरवले.

पैलवान धावला. "वस्ताद, काय हुतंय? उठा की."

"काय हुत न्हाई. बस हितं. माझ्या छातीवर हात ठेव आन् दाब."

"मी?"

"दाब म्हणतो न्हवं."

पैलवानाने तळहात टेकवून हलकेच दाबले.

"आता बोल. पाठ टेकली माझी. हरलो का मी?"

"न्हाई."

"का रं? दोन्ही खांदे मातीत हायेत. तू वर हायस. तू जिंकलास?"

"मी कुठं जिंकलो? तुम्ही आपणहून टेकलीसा."

"हां," वस्ताद म्हणाले, आणि पडल्या पडल्याच बोलू लागले. "हिसकावून घेतलेली पाठ म्हंजे हार. आपण दिलेली पाठ म्हंजे विश्वास. आई न्हाऊ घालती तवा मूल तिच्या पायांवर उताणंच असतं, ते हरलेलं असतं का? पोरा, तू जोड वळखण्यात चुकलास. ती बाई तुझी जोड न्हाई. तुझी जोड ती दाढ. बाई तर तुझ्या बाजूनं उतरलीया. तिच्यापासनं पाठ राखलीस, आन् जी तुला आतनं पोखरतीया तिला मोकळं रान दिलंस. आन् भ्यालास त्याची लाज धरू नगंस. पाठ राखायला तुझ्या अंगाला मीच शिकवलं. कुणापुढं राखायची न्हाई, ते तेवढं शिकवायचं ऱ्हायलं हुतं."

मग त्यांनी शेजारची माती थोपटली. "नीज."

पैलवान बसला. अंग आवळून आले, बाक घेऊन उलटू पाहू लागले. त्याने श्वास सोडला आणि एक खांदा टेकला. मग दुसरा. माती गार होती. तिच्यात मिसळलेल्या ताकाचा आणि तेलाचा ओळखीचा वास आला. कोणीही त्याच्यावर झडप घातली नाही.

"काय दिसतंय?" भैरूने आखाड्याच्या कडेवरून विचारले. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

पैलवान वर पाहत होता. इतकी वर्षे तो या छपराखाली घाम गाळत होता, पण छप्पर त्याने कधी पाहिलेच नव्हते.

"आढ्याला चिमणीचं घरटं हाय," तो म्हणाला. "भैरू, खरंच हाय रं."

ज्याला आपण शत्रू समजून पाठ राखतो, तो आपल्याच बाजूचा तर नाही ना, हे एकदा नीट पाहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखाना उघडण्याआधीच पैलवान पायरीवर येऊन बसला होता. डॉक्टरबाईंनी त्याला ओळखले आणि ओठ दाबून हसू आवरले.

"बाई, मला मैदानात उतरता येईल का?"

"यात्रेला अवकाश आहे. आज उपचार सुरू केले तर उतराल. पण त्याआधी इथे आडवं व्हावं लागेल."

"मग खुर्ची आधीच आडवी करून ठेवा," पैलवान म्हणाला. "ती मला पाडायला नको. मी आपणहून निजतो."

बाईंनी कळ दाबली. खुर्ची सपाट झाली. पैलवानाने वाकून खुर्चीला हात लावला, तो कपाळी नेला आणि वर चढला.

"दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन," बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. एक खांदा टेकला. मग दुसरा. वर गोल दिवा लागला. जिथे चिमणीचे घरटे असायला हवे होते, तिथे पाहत त्याने तोंड उघडले.