लोहाराच्या घरची फुंकर

“आई, माझ्या पेजेवर तू कधी फुंकर घालणार?”

हा प्रश्न एका धाकट्या मुलाने विचारला होता. डोंगर अजून तरणे होते, तेव्हाची, फार फार पूर्वीची ही गोष्ट.

एका गावात लोहाराचं घर होतं. घरात आई, बाप आणि दोन मुलगे. थोरला पंचविशीचा, पण सात वर्षं खाटेवर. आधी त्याचे पाय गेले, मग हात. बाप रोज त्याला पाठीवर घेऊन उन्हात आणायचा. आई पेजेच्या प्रत्येक पळीवर फुंकर घालून त्याला भरवायची.

धाकटा दिवसभर भट्टीचा भाता ओढायचा. भात्याचा वारा निखाऱ्यांना, आईचा वारा थोरल्याला. धाकट्याची जीभ मात्र रोज भाजायची. तो मुद्दाम कढत पेज प्यायचा आणि मोठ्याने ‘स्स’ करायचा. आई मागे न बघताच म्हणायची, “हळू पी रे, घोड्या.”

तेवढंच.

एके दिवशी त्याला राहवलं नाही. भाता सोडून तो अंगणात गोधडी ओढून आडवा झाला. “मीपण आजारी.”

आई आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. लहानथोरांनो, हसू नका. त्या एका क्षणात त्याला वाटलं, आलं आपलं राज्य.

“गार आहे कपाळ. ऊठ, बाप खोळंबलाय.”

धाकटा उठला तो तडक थोरल्याच्या खाटेशी गेला. “सगळं तुलाच! मर एकदाचा, म्हणजे आईला मी तरी दिसेन!”

थोरला हसला. त्याचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. “वेड्या, मला तुझाच हेवा वाटतो. दिवसभर तुझा भाता ऐकत पडतो मी. घाम गळेस्तोवर एकदा दमायला मिळालं ना, तर ही सगळी पेज तुझी. फुंकरीसकट. बोल, करतोस अदलाबदल?”

धाकट्याने तोंड उघडलं. मग त्याने थोरल्याचे काडीसारखे हात पाहिले. ‘हो’ म्हणायला जीभ रेटेना. तो भात्याकडे परतला. माफी उद्या मागू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं, तिसऱ्या दिवशीही.

एका सकाळी बाप थोरल्याला उन्हात न्यायला गेला आणि रिकाम्या पाठीने परत आला.

तेरावा झाला. चूल पेटली. आईने धाकट्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला आणि सवयीने त्यावर फुंकर घातली. घातली आणि तशीच थांबली. बापाने मान खाली घातली.

इतकी वर्षं हवी होती ती फुंकर समोर आली, पण त्याने वाडगा बाजूला ठेवला. ती फुंकर त्याची नव्हती.

“आई,” तो म्हणाला, “तुझी कढत आहे गं.” त्याने तिचा वाडगा स्वतःकडे ओढला आणि निवेपर्यंत फुंकत राहिला. मग बापाचा वाडगा घेतला.

दुसऱ्याच्या वाट्याची माया मागणाऱ्याने आधी त्याचं दुखणं मागून बघावं.