मुकीचा कडा

माणदेशाच्या वरच्या अंगाला, जिथे भर पावसाळ्यातही आभाळ बहुतेक कोरडेच असते, तिथे साळोबाची वाडी नावाचे धनगरांचे छोटे गाव आहे. गावाखालून ओढा जातो. ओढा म्हणायचे एवढेच. वर्षातले अकरा महिने त्यात वाळू असते. त्याच्या काठावर पुढे झुकलेला एक काळा कडा आहे. त्याला मुकीचा कडा म्हणतात. पाहुणे आले की गावचे पुजारी दादबा त्यांना तिथे नेतात, धोतराच्या सोग्याने दगड झाडतात आणि आधी खाली बसवतात. "उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट न्हवं ही," म्हणतात, आणि सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, या वाडीवर सलग तीन वर्षे पाऊस झाला नाही. डोंगराच्या माथ्यावर ढग जमत, विजा चमकत, गडगडाट होई आणि सगळे तिकडेच विरून जाई. मेंढरे काटक्या चघळू लागली. तेव्हा पंचांनी ठरवले, वाडी उठवायची आणि भीमेच्या काठाला जायचे.

ठकू नावाची एक बाई होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्याला ओढ्यापलीकडच्या माळावर पुरले होते. रोज मेंढरे चारताना ती त्या बाजूने जाई, चार दगड नीट करी आणि पुढे निघे. त्याला एकट्याला माळावर ठेवून जायचे तिच्या जिवावर आले. पण हे ती कुणाला बोलली नाही. ती ओढ्याकाठच्या साळोबाच्या देवळात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "देवा, तुझ्या पायरीला ओढ्याचं पाणी लागंस्तवर मी बोलायची न्हाई." व्रतापुढे पंचांचेही चालेना. त्यांनी सांगितले, ठकूचे मौन टिकले तर पूर्वा नक्षत्र संपेपर्यंत थांबू. मोडले तर त्याच दिवशी बिऱ्हाड हलवू.

तिची जाऊ रखमा म्हणाली, "ही आन् गप्प? आठ दिस ऱ्हायली तरी देव पावला म्हणा!"

पण ठकू गप्प राहिली. आठ दिवस, मग नऊ महिने. विंचू चावला तेव्हाही नुसते ओठ चावून बसली. लोक तिला मुकी म्हणू लागले.

नक्षत्राचा शेवटचा दिवस उजाडला. देव पावला नाही, उद्या निघायचे, म्हणून वाटेपुरते पाणी भरून घ्यायला सगळी वाडी ओढ्यात उतरली. वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी घागरीत भरायचे, त्याला दिवस जातो. म्हातारेकोतारेही खाली बसले होते. डोक्यावर स्वच्छ ऊन होते.

ठकू मेंढरे घेऊन या कड्यावर आली होती. इथून वरचा डोंगर दिसतो, खालून दिसत नाही. ओढ्याला मध्ये वळण आहे. तिने पाहिले, डोंगर काळा पडला आहे. विजा जमिनीत रोवल्यासारख्या उभ्या उतरताहेत. मग वरच्या घळीतून काहीतरी तांबडे, झाडांच्या उंचीचे, सरकत येताना तिला दिसले.

तिने हात हलवले. खाली कुणी पाहिले नाही. तिने खडे मारले. रखमा वर बघून हसली, "मुकीला उन्हाचा फेरा आला गं बाई!" आणि पुन्हा वाळू उपसू लागली.

ठकूने एकदा पलीकडच्या माळाकडे पाहिले, असे सांगतात. किती वेळ पाहिले ते कुणाला माहीत नाही. फार वेळ नव्हताच.

"वर या!" ती ओरडली. "पाणी आलं! वर या!"

नऊ महिन्यांनी तो आवाज ऐकून लोक गारठले. मग पुजारी कळवळला, "अगं, आजच्या एका दिसासाठी मोडलंस? कुठाय पाणी? आभाळात कापसाएवढा ढग न्हाई!" कुणी जागचे हलेना. काही बायका तर कपाळाला हात लावून वाळूतच बसल्या.

तेव्हा ठकूला कळले की खऱ्याने हे लोक उठायचे नाहीत. तिने कमरेवर हात ठेवले.

"ए पुजाऱ्या! देवाच्या बोकडाची कलेजी निवदाच्या आधी खाणारा तूच न्हवं? भिकोबा पाटला, लांडगा आला तवा बायकोच्या लुगड्यात कोण लपलं हुतं? आन् रखमे, तुझ्या भाकरीला कुत्रंबी तोंड लावीत न्हाई, सासूबाई गोठ्यात नेऊन टाकत्यात!"

तिने एकालाही सोडले नाही. नावे घेऊन घेऊन, पोटातले सगळे बाहेर काढले. वाडी खवळली. पुजारी काठी घेऊन धावला, पाटील पागोटे सावरत धावला, पोरे काखोटीला मारून बायका धावल्या, म्हाताऱ्यांनाही लोकांनी खांद्यावर घेतले, कारण त्यांनाही तिला जाब विचारायचा होता. सगळ्यांत शेवटी रखमा वर आली आणि तिने ठकूची वेणी धरली.

तेवढ्यात खाली गडगडाट झाला. वळणावरून पाणी आले आणि घागरी, झिरे, वाळू, सगळे घेऊन गेले. पाणी देवळाच्या पायरीला जाऊन लागले तेव्हा रखमाच्या हातात वेणी तशीच होती. मग ती वेणी सोडून ठकूच्या गळ्यात पडली.

पुजारी म्हणाला, "पाणी डोंगरातून आधीच निघालं हुतं. व्रत मोडलं न्हाई."

ठकू म्हणाली, "पायरीला लागायच्या आदी तोंड सुटलं माजं. मोडलं ते मोडलं. पर आता जायाचं का ऱ्हायाचं ते सांगा."

वाडी राहिली. नऊ महिन्यांचे बोलणे ठकूने पंधरा दिवसांत भरून काढले, म्हणे.

आजही पूर्वा नक्षत्रात डोंगरावर ढग गडगडले की वाडीतली एक बाई या कड्यावर चढते. त्या वर्षी जिच्या घरात दुःख झाले आणि जी गप्प गप्प झाली, तिलाच तो मान असतो. लोक ओढ्यात उतरून उभे राहतात. ती प्रत्येकाचे नाव घेऊन शिव्या देते, लोक चिडल्याचे सोंग करत वर धावतात, आणि सगळ्यांत शेवटी जी पोहोचते ती तिची ओटी भरते.

गेल्या साली सगुणाबाईचा मान होता. तिला आवाजच फुटेना. खाली सरपंच, मास्तर, सगळे मान वर करून उन्हात उभे राहिले. कुणी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "सरपंच, तुमचं धोतार सुटलंय."

सरपंचांनी दचकून खाली पाहिले, आणि सगळी वाडी हसत वर धावली.